जोर नेमका कुठे द्यायचा?

प्रश्न : मी नर्स आहे. इटलीत नोकरी करायची म्हणून इटालियन शिकतेय. रोजचं बोलणं जमतं, पण 'गास्त्रीते' (जठराचा दाह), 'कार्द्योलोगो' (हृदयरोगतज्ज्ञ) असे वैद्यकीय शब्द आले की जीभ अडते. शब्द कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा?

उत्तर : जीभ अडते ती इंग्रजी उच्चारांच्या सवयीने. आधी 'ट' आणि 'ड' सोडा. इटालियन 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात, म्हणजे ते तुम्हाला येतातच.

आता तोडणं. गा-स्त्री-ते, 'स' पुढच्या व्यंजनाबरोबर जातो, मागे राहत नाही. द्वित्त, म्हणजे लागोपाठ दोनदा आलेलं तेच व्यंजन, मात्र दुभंगतं : तोस्-से (खोकला), फेब्-ब्रे (ताप), रि-चेत्-ता (डॉक्टरची चिठ्ठी). हे द्वित्त ठसठशीत वाजू द्या, यात हयगय नको. 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात. डॉक्टर 'सेत्ते गोच्चे' म्हणाले तर सात थेंब मोजायचे आहेत.

जोराची खूण शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जोर असेल तरच छापतात. एरवी तो माहीत असावा लागतो. बहुतेक शब्दांत तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. 'ईते'ने संपणारे आजार या बाबतीत अगदी सरळ : गास्त्रीते, ब्रोंकीते (श्वासनलिकांचा दाह), आर्त्रीते (सांध्यांचा दाह), सगळीकडे जोर 'ई'वर. स्तोमाको (जठर) आणि फेगातो (यकृत) यांत मात्र तो पहिल्याच अक्षरावर.

खरी कसोटी डॉक्टर आणि त्याची शाखा यांच्यात लागते. हृदयरोगतज्ज्ञ कार-द्यो-लो-गो, जोर 'द्यो'वर. त्याची शाखा कार-द्यो-लो-जी-आ. जोर 'जी'वर सरकला, 'ग'चा 'ज' झाला. न्यूरोलॉजी, डर्मॅटॉलॉजी, सगळ्यांची हीच चाल, त्यामुळे एक जोडी पक्की केली की बाकीच्या आपोआप येतात. माझ्या वर्गात मी असे लांब शब्द शेवटून म्हणायला लावते : जी-आ, लो-जी-आ, द्यो-लो-जी-आ, मग पूर्ण. जोर हरवत नाही. फार-मा-ची-आ (औषधांचं दुकान) असाच म्हणा, 'ची' आणि 'आ' वेगळे.

'इन्फ्लुएन्चा'तला च आपल्या 'चोर'मधला, 'चिठ्ठी'मधला नव्हे.

आणि 'एदेमा' (सूज) ऐकून गोंधळू नका. कोणी 'दे'वर जोर देतात, कोणी 'ए'वर. शब्दकोशात दोन्ही आहेत. तुमच्या वॉर्डात जो चालतो तो धरा.