विक्री घटली, पण प्रतिवादीचा तज्ज्ञ म्हणतो नुकसानच नाही

प्रश्न : माझ्या कारखान्यातील पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्राचा मुख्य शाफ्ट तुटला. दुरुस्ती करणाऱ्या कंपनीने तो लेखी ठरलेल्या मुदतीपेक्षा सहा महिने उशिरा दिला. एरवी महिन्याला सरासरी १,००० गठ्ठे खपत. त्या काळात बाहेरून जास्त दराने काम करून घेऊनही ७००च गेले. मी १,८०० गठ्ठ्यांच्या पूर्ण विक्रीकिंमतीचा दावा लावला आहे. प्रतिवादीने संख्याशास्त्रज्ञाचा अहवाल दाखल केला असून त्यानुसार घट ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही’, म्हणजे नुकसान झालेच नाही. त्याच सहा महिन्यांत दुसऱ्या यंत्रावरील कागदी पिशव्यांची विक्रीही १० टक्क्यांनी उतरली होती, हे खरे आहे. दावा मागे घ्यावा का?

उत्तर : दावा मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही, मात्र आपण मागितलेली रक्कम आहे त्या स्वरूपात टिकणार नाही, आणि ती आपणच वेळीच दुरुस्त करून घेतलेली बरी.

भरपाईचा हेतू एवढाच, की करार नीट पाळला गेला असता तर आपण ज्या आर्थिक स्थितीत असता, तिथे पैशाने जितके नेता येईल तितके आपल्याला नेऊन ठेवावे. म्हणून तुलना मागच्या काळाशी नव्हे, तर शाफ्ट वेळेवर आला असता त्या न घडलेल्या काळाशी करावयाची असते, आणि तो काळ कोणी पाहिलेला नसल्यामुळेच अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राला न्यायालयात बोलवावे लागते. पिशव्यांबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याचे महत्त्व येथे आहे. पिशव्या त्याच विक्रेत्यांकडे जात असतील आणि त्यांचे यंत्र चालू असेल, तर त्यांची १० टक्के घट बाजाराची मानावी लागेल. म्हणजे शाफ्ट वेळेवर येऊनही खोकी महिन्याला १,००० नव्हे, ९०० खपली असती. मासिक तूट ३०० वरून २०० वर येते आणि सहा महिन्यांची १,२०० होते. मात्र ही फुटपट्टी वापरण्यापूर्वी एक गोष्ट तपासा : खोक्यांचे यंत्र बंद असताना तेथील कामगार पिशव्यांकडे वळवले होते का? तसे असल्यास पिशव्यांची विक्री त्यामुळे सावरली असेल, बाजाराची खरी घट १० टक्क्यांहून मोठी ठरेल, आणि प्रतिवादीचे वकील उलटतपासणीत नेमके तेच विचारतील.

शाफ्ट आल्यानंतरचे महिनेही पाहा. समजा पुढील दोन महिन्यांत अपेक्षित ९०० ऐवजी १,००० गठ्ठे गेले, तर ते २०० गठ्ठे थांबून राहिलेल्या ग्राहकांचे असण्याचा संभव आहे. ती विक्री बुडाली नाही, लांबली. उरतात १,०००. त्यांचीही पूर्ण किंमत मागता येत नाही, कारण जो माल बनलाच नाही त्याचा पुठ्ठा, शाई, वीज आणि वाहतूक हा खर्च वाचला. किमतीच्या १०० भागांपैकी असा वाचलेला खर्च ६० भाग असेल, तर खरे नुकसान ४० भाग. येथे प्रतिवादी उलट टोकाला जाऊन ‘ताळेबंदात निव्वळ नफा १० टक्केच दिसतो, तेवढेच घ्या’ असे म्हणेल, ते मान्य करू नका. भाडे आणि पगार यंत्र बंद असतानाही आपण भरतच होता, ते वाचले नाहीत, म्हणून ते वजा करण्याचा प्रश्न येत नाही. आपला दावा १,८०० गठ्ठ्यांच्या किमतीचा होता, प्रतिवादी फार तर १०० गठ्ठ्यांच्या किमतीवर (१,००० चे १० टक्के) येईल, आणि माझ्या मते योग्य आकडा ४०० च्या (१,००० चे ४० टक्के) आसपास आहे. याशिवाय बाहेरून करून घेतलेल्या कामाचा जादा दर हा स्वतंत्र मुद्दा आहे. नुकसान कमी करण्यासाठी केलेला वाजवी खर्च वसूल करता येतो, आणि आपण हातावर हात ठेवून बसला नाहीत हेही त्यातून दिसते.

आता तो अहवाल. त्याचा शेवटचा तक्ता नीट वाचा, कारण दशांश चिन्हे पाहून पक्षकारच काय, वकीलही कधी कधी हाय खातात. तज्ज्ञाचा स्वतःचा अंदाज मासिक २०० गठ्ठ्यांच्या घटीचाच असेल आणि ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे या पद्धतीने काढलेल्या शंभर पट्ट्यांपैकी सुमारे ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडतो) तो ४३० च्या घटीपासून ३० च्या वाढीपर्यंत पसरत असेल, तर त्या पट्ट्यात शून्य येते एवढाच ‘लक्षणीय नाही’चा अर्थ. नुकसान शून्य आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. सहाच महिन्यांचे आकडे असल्यामुळे अंदाज सैल आहे, इतकेच. दिवाणी दाव्यात पुराव्याचे पारडे कोणत्या बाजूला झुकते हे पाहिले जाते, आणि संख्याशास्त्राची पाच टक्क्यांची रेघ (९५ टक्के पातळीचीच दुसरी बाजू) हे काही ते पारडे नव्हे. (अर्थात ही लक्षणीयतेची चाचणी उलटी वाचून ‘माझी बाजू खरी असण्याची शक्यता अमुक टक्के’ असेही आपण म्हणू नये; ती चूक दोन्ही बाजूंचे वकील करतात.) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मॅट्रिक्स विरुद्ध सिराकुसानो या प्रकरणात सांख्यिकीय लक्षणीयतेची अशी पक्की रेघ आखण्यास नकार दिला. तो वाद सर्दीच्या औषधाच्या दुष्परिणामांची माहिती गुंतवणूकदारांना न दिल्याचा होता, भरपाई मोजण्याचा नव्हता. म्हणून त्याचा आधार मर्यादेतच घ्यावा.

त्याहून भक्कम मार्ग आपल्या कपाटात आहे. त्या सहा महिन्यांची ऑर्डरवही आणि ईमेल काढा. ज्या ग्राहकांनी ‘माल वेळेवर मिळत नाही म्हणून दुसरीकडून घेतो’ असे कळवले, त्यांची प्रत्येक रद्द झालेली ऑर्डर तारखेसह मांडली, की नुकसान झाले का या प्रश्नासाठी कोणत्याही चाचणीची गरज राहत नाही. प्रश्न उरतो तो किती, हा. नुकसान झाल्याची अनिश्चितता आणि त्याच्या रकमेची अनिश्चितता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९३१ साली स्टोरी पार्चमेंटच्या प्रकरणात मांडले, आणि चूक करणाऱ्याने स्वतःच निर्माण केलेल्या संदिग्धतेचा लाभ घ्यावा हे त्याला पटले नाही. स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचाच असेल तर ही कागदपत्रे आधी त्याच्या हाती द्या.

मला खरी काळजी आकड्यांची नाही. इंग्लंडमधील १८५४ च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या प्रकरणात गिरणीचा शाफ्टच तुटला होता आणि वाहतूकदाराने तो उशिरा पोहोचवला. तरी गिरणीमालकाला बुडालेला नफा मिळाला नाही, कारण शाफ्टअभावी सगळी गिरणी बंद राहील, ही परिस्थिती वाहतूकदाराला कळवली होती असे न्यायालयाला आढळले नाही. आपली प्रतिवादी कंपनी यंत्रदुरुस्तीच्याच धंद्यात आहे, म्हणून तिला एवढे कळायला हवे होते असा युक्तिवाद करता येईल. पण जादा शाफ्ट नाही आणि यंत्र पूर्ण थांबले आहे, असे तिला करारापूर्वी लिहिलेले एखादे पत्र, ईमेल किंवा मोबाइलवरचा संदेश असेल, तर दाव्याची रक्कम दुरुस्त करण्याच्या अर्जाचा मसुदा करण्याआधी मला तो पाठवा.