वर्षभर पावडरच दळायची का?

'एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये निओबियम ऑक्साइड मिसळलं की नॅनोरचना कशी बदलते, हा प्रकल्प सरांनी सुचवलाय. मैत्रिणी म्हणतात, वर्षभर पावडर दळशील आणि हायड्रोजनची हवा ओसरली की बसशील,' असं तू लिहिलंयस.

दळावं लागेलच, बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी पावडर दळणाऱ्या यंत्रात) तासन्‌तास. पण विषय भाकड नाही. या हायड्राइडमध्ये हायड्रोजन साठवता येतो, वजनाच्या ७.६ टक्के इतका. तो सुटायला मात्र ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावं लागतं, आणि तरीही तो रखडतच सुटतो. निओबियम ऑक्साइड इथे उत्प्रेरक, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणारं द्रव्य; ते हे रखडणं कमी करतं. हायड्राइड मोडायला मोलमागे लागणारी सुमारे ७५ किलोज्यूल ऊष्मा तेवढीच राहते. वेग वेगळा, ऊर्जेचा हिशेब वेगळा. मुलाखतीत इथेच भलेभले अडखळतात.

खरं शिक्षण पुढे आहे. एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखात शिखरं रुंदावलेली दिसतील. शिखराच्या रुंदीवरून माप काढणारं शेररचं सूत्र लावून 'कण १५ नॅनोमीटरचे' असं लिहून मोकळी होऊ नकोस. ते स्फटिकाचं माप, कणाचं नव्हे. एका कणात असे असंख्य स्फटिक असतात. दळताना अणूंच्या जाळीत बसलेल्या ताणानेही शिखर रुंदावतं. आणि हा बारीकपणा दळण्याने आला की ऑक्साइडमुळे? काहीही न मिसळलेला नमुना तेवढाच वेळ, तेवढ्याच गोळ्यांनी दळल्याशिवाय हे कळत नाही. पुढे हायड्रोजन भरण्या-सोडण्याच्या फेऱ्यांत, उष्णतेने स्फटिक पुन्हा वाढतात. मिसळलेलं द्रव्य ती वाढ रोखतं का, हे पाहायला फेऱ्यांनंतर परत मोजायचं. (टीईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, जपून. इलेक्ट्रॉनच्या झोतानेच हायड्राइड मोडतो, आणि आपण भलत्याच गोष्टीचा फोटो काढून बसतो.)

हायड्रोजन साठवणारं दुसरं एक हायड्राइड घे: टायटॅनियम घातलेलं सोडियम अ‍ॅलनेट हायड्रोजन सोडून परत भरून घेतं, हे बोगदानोविच आणि श्विकार्डी यांनी १९९७ मध्ये दाखवलं. ते टायटॅनियम नेमकं करतं काय, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालले. म्हणजे अडकशील ती चांगल्या संगतीत.

हायड्रोजनची हवा ओसरली तरी बॅटरीची इलेक्ट्रोडं, रासायनिक उत्प्रेरक, सिरॅमिक पावडरी यांच्या कामात हीच नजर उपयोगी पडते. बायोडेटात रीटवेल्ड विश्लेषण (एक्सआरडीचा पूर्ण आलेख गणिताने जुळवून पाहणं) आणि आर्गॉन भरलेल्या बंद ग्लोव्हबॉक्समध्ये नमुने हाताळणं हे आधी लिही, हायड्रोजन नंतर.

होकार देण्याआधी सरांना दोन गोष्टी विचार: कोरा नमुना दळायला मिल मिळेल का, आणि हायड्रोजन मोजायचं सिव्हर्ट्स यंत्र विभागातच आहे का? यंत्र दुसरीकडे असेल आणि सहा महिन्यांची रांग असेल, तर सरळ दुसरा विषय माग.