पॉला वेल्डनचं पुढे काय झालं?

प्रश्न: अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये 1946 साली कॉलेजची एक मुलगी डोंगरात फिरायला गेली ती परत आलीच नाही असं वाचलं, तेव्हा पोलिस काय करत होते हो? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, तिचं नाव पॉला वेल्डन, वय 18, बेनिंग्टन कॉलेजात शिकत होती. 1 डिसेंबरला, रविवारी दुपारी एकटीच लाँग ट्रेल या डोंगरातल्या पायवाटेकडे निघाली. अंगात लाल जॅकेट, जीन्स आणि पायात साधे कॅनव्हासचे बूट, म्हणजे तिकडच्या डिसेंबरच्या थंडीत रात्र काढायची तयारी अजिबातच नव्हती, जादा कपडेही घेतले नव्हते, त्यामुळे ती स्वतःहून पळून गेली हे मला तरी पटत नाही. एका गाडीवाल्याने तिला वाटेत लिफ्ट दिली, नंतर ट्रेलवर काही लोकांनी पाहिलं, एकाशी बोललीसुद्धा, आणि तिथून पुढे काहीच नाही.

आता पोलिसांचं. अहो, व्हरमाँटला तेव्हा राज्य पोलिसच नव्हते! शेरीफ (म्हणजे तिकडचा जिल्ह्याचा पोलिस अधिकारी), गावकरी, कॉलेजची मुलं असे सगळे जंगलात शोधत होते पण एकसूत्री असं काही नव्हतंच, शेवटी कनेक्टिकट आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांची मदत घ्यावी लागली. तिचे वडील यावरून फार चिडले आणि माझ्या मते बरोबरच चिडले, सुरुवातीचे दिवस एकदा हातचे गेले की नंतर कितीही माणसं लावा, माग लागणं कठीणच. पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, व्हरमाँट स्टेट पोलिस स्थापन झाले. पॉलाचा पत्ता मात्र आजपर्यंत लागलेला नाही, मृतदेहही सापडला नाही.