ई-रुपयाने बनावट नोटा संपतील का, आणि सरकार आपला प्रत्येक खर्च पाहील का?

ई-रुपया म्हणजे रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया. त्याविषयी आपण विचारलेले दोन्ही प्रश्न माझ्या गल्ल्यापाशी नेहमीचेच आहेत. बेळगावात, शहापूरला माझे साड्यांचे छोटे दुकान आहे.

गेल्या दिवाळीनंतर बँकेत भरणा करताना रोखपालाने पाचशेची एक नोट बाजूला काढली. नोट तिरपी केली की सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा दिसायला हवा. तिचा हिरवाच राहिला. मागच्या भाषापट्टीतल्या कन्नड आणि मराठी ओळी मात्र बिनचूक होत्या (सीमाभागात या दोन भाषा इतक्या निमूटपणे एकत्र नांदताना मी फक्त नोटेवरच पाहिल्या आहेत). नोटेवर शिक्का बसला, ती जप्त झाली, माझ्या हाती पावती आली आणि पाचशे रुपये बुडाले, कारण बनावट नोटेचा मोबदला मिळत नाही.

ई-रुपया रिझर्व्ह बँकच जारी करते, त्यामुळे छापखाना थाटून तो कोणाला काढता येणार नाही. फसवणूक मात्र फोनच्या पडद्यावर येऊन बसते. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून एक गिऱ्हाईक माझ्याकडून इरकल घेऊन गेले. रात्री हिशेब लावताना ते कळले.

पाळतीसाठी ई-रुपयाची वाट पाहावी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा बेंगळुरूत अनेक दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या होत्या. त्या मानाने १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेला ई-रुपया जरा मितभाषी आहे: एका वॉलेटमधून दुसऱ्यात गेलेली रक्कम पासबुकात उमटत नाही, आणि छोटे व्यवहार निनावी राहावेत, मोठ्यांचा माग लागावा, असे रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पना टिपणात म्हटले आहे. परंतु वॉलेट उघडताना मोबाइल क्रमांक आणि बँक खाते जोडावेच लागते, त्यामुळे हा निनावीपणा तो देणाऱ्या यंत्रणेच्या मर्जीवर राहतो. गल्ल्यातल्या नोटेला कोणाची मर्जी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने देशाची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवली आहे. मला ई-रुपयापेक्षा त्या कलमाची धास्ती अधिक वाटते.