निवडणूक खर्चाची तक्रार: कधी, कुठे आणि कशाच्या जोरावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तुमच्याकडे पंधरा दिवस जेवणावळी उठत होत्या, गाड्यांची रांग संपत नव्हती, आणि निवडून आलेल्या उमेदवाराने हिशेब दाखवला सतरा-अठरा लाखांचा. मर्यादा ४० लाखांची. तक्रार कुठे करायची, आणि करून काही होतं का?

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. नोकरीत असताना तीन निवडणुकांत खर्चाच्या लेखा पथकावर ड्यूटी केली. तुमचा राग खरा आहे. पण 'सगळ्या गावाला माहीत आहे' हे कोणत्याही सुनावणीत टिकत नाही. टिकते ती वहीतली नोंद.

उमेदवार स्वतःची खर्चाची वही ठेवतो. आमचं पथक त्याच्याच नावाने दुसरी वही ठेवतं, ती छाया नोंदवही. व्हिडिओ पथक सभेचं चित्रीकरण आणतं. आम्ही ते थांबवून थांबवून बघतो, खुर्च्या, मंडप, स्पीकर, झेंडे, टोप्या मोजतो आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे रक्कम लावतो. प्रचार चालू असताना खर्च निरीक्षकांसमोर उमेदवाराची वही किमान तीनदा या वहीशी ताडून बघतात. तफावत निघाली की नोटीस जाते. म्हणजे जे चित्रीकरणात नाही, तक्रारीत नाही, ते छाया नोंदवहीत येणार कुठून?

एका निवडणुकीत एका मंगल कार्यालयात रोज चार-पाचशे पानं उठत होती. विचारलं तर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. भरारी पथक गेलं, तेव्हा आत ना फलक, ना पत्रक. 'कौटुंबिक कार्यक्रम' असा शेरा मारून पथक परतलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने जेवणाच्या कुपनाचा फोटो आणून दिला. कुपनावर निवडणूक चिन्ह छापलेलं होतं, आणि कुठे, किती वाजता मिळालं हेही त्याने लिहून दिलं. त्या दिवसाचं जेवण उमेदवाराच्या नावे चढलं. आधीचा अख्खा आठवडा मात्र आजही कुठल्याच वहीत नाही, आणि ते मला अजून खुपतं.

म्हणून पुढच्या लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाचं तक्रारीचं सी-व्हिजिल ॲप वापराच. त्यात फोटो किंवा व्हिडिओ जागेवरच काढावा लागतो, ठिकाण आपोआप नोंदलं जातं आणि १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. जोडीला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पत्रकं जपून ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ (पुढची कलमंही याच कायद्यातली) च्या कलम १२७क प्रमाणे त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता बंधनकारक आहे. नाव नसणं हीच एक स्वतंत्र तक्रार.

आता मुदतींबद्दल, कारण माणसं हरतात ती इथे. निकालापासून ३० दिवसांत उमेदवाराने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा. हिशेब दाखल झाला की त्याची सूचना फलकावर लागते आणि एक रुपया फी भरून कोणीही तो पाहू शकतो, ठरलेलं शुल्क भरून साक्षांकित प्रतही मिळते. मर्यादेबाहेरचा खर्च हे कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचरण आहे, पण त्यासाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका लागते, ती ४५ दिवसांच्या आत, आणि करणारा त्या मतदारसंघातला मतदार किंवा उमेदवार असावा लागतो. निकाल २३ नोव्हेंबर २०२४ चा. हिशेबाची शेवटची तारीख २३ डिसेंबर, याचिकेची ७ जानेवारी २०२५. शेवटच्या दिवशी हिशेब दाखल झाला तर प्रत मिळवून, वकील गाठून, पुरावा लावून याचिका करायला हातात उरतात पंधरा दिवस. मला हा या कायद्यातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. तुमच्यापुरता तो रस्ता बंद झाला आहे, खोटी आशा लावत नाही.

उरतं ते कलम १०क. हिशेब वेळेत किंवा विहित पद्धतीने दिला नाही आणि त्याला सबळ कारण नाही, अशी खात्री झाली तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आयोगाने फक्त कागद आला का एवढंच बघायचं की तो खरा आहे का हेही, हा वाद आपल्याच भोकर मतदारसंघाच्या २००९ च्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अशोक चव्हाण यांच्या वर्तमानपत्री प्रसिद्धीचा तो विषय. मे २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खरेपणा तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. पुढे आयोगाने चव्हाणांच्या विरोधात निष्कर्ष काढला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्दही केला. तो अधिकार मात्र कायम राहिला.

याच्या उलट उत्तर प्रदेशातलं बिसौली बघा. २००७ साली निवडून आलेल्या उमलेश यादव ऑक्टोबर २०११ मध्ये अपात्र ठरल्या. हिशेबात न दाखवलेला खर्च होता २१,२५० रुपये, बातमीच्या रूपात छापून आणलेल्या जाहिरातीचा. कोट्यवधींचा आरोप नव्हता, पण छापील कात्रण होतं आणि हरलेल्या उमेदवाराने त्याचा पिच्छा सोडला नाही. झारखंडचे माजी मुख्यमंत्री मधु कोडा यांचं प्रकरण २००९ च्या लोकसभेचं, निर्णय २०१७ चा. एवढा धीर धरावा लागतो.

तुम्ही असंही विचारलंत की तो खर्च 'पक्षाने केला' म्हटलं की सुटतात का. बऱ्याच अंशी हो. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला, आणि महिना उलटायच्या आत सरकारने वटहुकूम काढून तो खर्च पुन्हा उमेदवाराच्या खात्याबाहेर काढला. २००३ मध्ये कलम ७७ पुन्हा बदललं, पण पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही मर्यादा नाही, आणि स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात येत नाही. मात्र त्या सभेत उमेदवार व्यासपीठावर असेल किंवा त्याचं नाव, फोटो लागला असेल, तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्यावर पडतो. लोक मंत्र्याचा फोटो काढतात; तुम्ही मागचा फलक काढा.

लोकायुक्तांकडे जाऊ नका, ते पदाच्या गैरवापरासाठी आहेत, निवडणूक खर्चासाठी नाहीत. आणि नगरपालिका, जिल्हा परिषदेचा विषय असेल तर तो राज्य निवडणूक आयोगाकडे, मर्यादाही वेगळ्या.

सध्या एवढं करा: त्या उमेदवाराच्या हिशेबाची प्रत काढा, छाया नोंदवहीची प्रत माहिती अधिकारात मागा, दोन्ही शेजारी ठेवा. रोखीच्या नोंदी बघा; एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांच्या वर रोख देता येत नाही. मंडपवाल्याची, जेवणाची, गाड्यांची जी एखादी नोंद तुमच्याकडच्या तारीखवार फोटोशी जुळत नाही, तेवढी एकच घेऊन आयोगाकडे १०क खाली अर्ज पाठवा. अर्जाचा मसुदा इथे टाकलात तर मी ओळ न् ओळ तपासून देईन. अर्थात, नावं झाकून टाका.