मंदीत जुनं घर विकताना भाव किती लावावा? आधी रंग देऊन घ्यावा का?

जळगावातलं वडिलांचं घर तुम्ही चार महिन्यांपासून विकायला काढलंय, गिऱ्हाईक टिकत नाही, म्हणून रंग द्यावा का असं विचारताय. रंगाचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो.

आमचं घर भुसावळला. दिवाळीनंतर विकायला काढलं आणि पहिल्याच पंधरवड्यात रेल्वेतले एक गार्डसाहेब जोडीने आले. रिटायरमेंटला आलेले. बाई ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या. 42 लाख म्हणाले. मी मनातून घर देऊनही टाकलं होतं. दादा म्हणाला, 55 च्या खाली बोलायचं नाही. 55 कुठून आले? तर गल्लीच्या तोंडावरचं घर तेवढ्याला गेलं म्हणे. गेलं कसलं, नुसतं सांगून ठेवलं होतं! नोंदणी विभागाच्या साइटवर शेजारच्या घरांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा गोषवारा, काढून बघायला अर्धा तास लागतो, पण दादाला पानटपरीवरचा भाव खरा वाटतो.

मग त्याने 85 हजार घालून घराला पिस्ता रंग दिला. स्लॅब गळत होता, त्याला हात लावला नाही. श्रावणात एक गिऱ्हाईक आलं, त्याने भिंतीवरचा फुगा अंगठ्याने दाबला आणि पापुद्रा हातात आला. माणूस काही बोलला नाही. पापुद्रा खिडकीत नीट ठेवला आणि चपला घातल्या.

त्याआधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वेगळंच झालं. मालमत्ता पत्रकावर वारस म्हणून ताईचंही नाव आहे. ती सही करेलच, असं दादाने धरलेलं. ताई माहेरी आल्यावर भर जेवणात त्याने हक्कसोडीचा, म्हणजे तिने आपला हिस्सा सोडून देण्याचा, विषय काढला. खापरावरची पुरणपोळी तशीच टाकून ती उठली. "घर विकायला काढताना विचारलं होतं का मला?" तिचं काय चुकलं? हिंदू वारसा कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. पुढे तिने सही केली, पण खरेदीखतावर, स्वतःचा हिस्सा घेऊन. मीच म्हटलं होतं तसं कर.

शेवटी दुसऱ्या वर्षी 38 लाखांत गेलं.

तेव्हा रंग राहू द्या. आधी गळती काढा, वारस नोंद, घरपट्टी, नळपट्टी क्लिअर करा. मे महिन्यात दुपारी घर दाखवू नका, स्लॅबखाली दोन मिनिटं उभं राहून माणूस पळतो. भाव नोंदलेल्या व्यवहारांपेक्षा थोडाच वर लावा, आणि पहिलं खरं गिऱ्हाईक हातचं घालवू नका.

हां, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, खाली उतरायचं असेल तर सीएला विचारून घ्या. स्टँप ड्युटी रेकनरवरच लागते. सरकारी किंमत तुमच्या भावापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त निघाली, तर तुमचा भांडवली नफाही त्या किमतीवर धरतात. इसार 20 हजार किंवा वर असेल तर रोख घेऊ नका. आणि तुमचं घर अगदी मोक्याच्या जागी असेल तर माझं गणित लागू नाही.

दादा अजून मला म्हणतो, तूच घाई केलीस, गार्डसाहेब 50 पर्यंत आले असते. त्यांनी मागच्याच गल्लीत घर घेतलंय. भुसावळला गेलो की दादा त्या गल्लीतून गाडी नेत नाही.