'पुट ऑफ इट ऑन मंडे' चूक का? 'पुट ऑफ' नेमकं कसं वापरायचं?

मीटिंग सोमवारवर ढकलली, म्हणून तुम्ही 'वी पुट ऑफ इट ऑन मंडे' लिहिलंत. यात चुका दोन आहेत.

पहिली जागेची. नाम असेल तर 'पुट ऑफ द मीटिंग' म्हणा नाहीतर 'पुट द मीटिंग ऑफ', दोन्ही चालतं. सर्वनाम मात्र मधेच बसतं: 'पुट इट ऑफ'. बोलताना जोर 'ऑफ'वर येतो, 'इट' जवळजवळ गिळला जातो. दुसरी चूक थेट मराठीतली. 'सोमवारवर' मधला 'वर' आपल्याकडून 'ऑन' लिहून घेतो; तिथे 'टिल' किंवा 'अनटिल' हवं. म्हणजे 'वी पुट इट ऑफ टिल मंडे'. भूतकाळातही 'पुट'च, 'पुटेड' असं काही नसतं.

'कॉल ऑफ'शी गल्लत करू नका. 2020 चं टोकियो ऑलिंपिक 'पुट ऑफ' झालं, कारण ते 2021 मध्ये झालं. 2020 चंच विम्बल्डन मात्र 'कॉल ऑफ' झालं, म्हणजे रद्दच.

'पुट ऑफ'नंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावा. डॉक्टरकडे जायची चालढकल करतोय: 'ही कीप्स पुटिंग ऑफ गोइंग टु द डॉक्टर'. 'पुटिंग ऑफ टु गो' नाही.

खरी गंमत कर्म माणूस असतो तेव्हा. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड' म्हणजे त्या वासाने अन्नावरची वासनाच उडाली. उधारी मागायला गेलात आणि 'ही पुट मी ऑफ विथ एक्स्क्यूजेस', तर त्याने सबबी सांगून वाटेला लावलं. साइटस्क्रीनसमोर कुणी हललं की फलंदाज थांबतो, कारण 'इट पुट्स हिम ऑफ', लक्ष उडतं. 'डोन्ट बी पुट ऑफ बाय हिज मॅनर'ला तर आपल्याकडे तयार वाक्य आहे: त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, माणूस चांगला आहे. यातूनच नकोसं वाटायला लावणाऱ्या गोष्टीला 'ऑफपुटिंग' म्हणतात. शब्दांचा क्रम तेवढा उलटा.

'पुट ऑफ द लाइट' आपल्याकडे सर्रास चालतं, पण परीक्षेत 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' लिहिलेलं बरं. आणि मीटिंग ठरल्या तारखेच्या अलीकडे घेतली तर? 'प्रीपोन' भारतात कुणालाही कळेल; लंडनच्या ऑफिसला मेल असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा.